दादाचं काहीतरी सांग

पंचवटी, नाशिक
बुधवार, रात्र

प्रिय मनू,

फोनवर बोलायला लागले की माझा गळा दाटतो आणि तू घाबरतेस, म्हणून लिहितेय.

दादाला जाऊन चार महिने झाले. कसा गेला ते तुला माहीतच आहे. त्यानंतरचं मात्र तुला कुणी सांगितलं नसेल.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण वहिनीला जवळ घ्यायचा, आईचे हात धरायचा आणि मला म्हणायचा, "आता तुलाच सांभाळायचंय यांना." मी चहा करत राहिले. एका दिवसात अठ्ठावीस कप. मोजत होते, कारण मोजणं थांबलं की रडू यायचं. सासूबाई म्हणाल्या, लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक थोडंच, तू दहा दिवस धरायला नकोस. त्यांच्या मनात वाईट नव्हतं गं, रीत सांगितली त्यांनी. पण मला वाटलं, माझं दुःखही तेवढ्यातच आटोपायचं ठरलं.

आता कुणी त्याचा विषयच काढत नाही. मी काढला तर हे म्हणतात, "किती दिवस तेच ते?" आईसमोर बोलायची सोय नाही, तिचं बीपी वाढतं. ऑफिसात सांगतात, मन रमव कशात तरी. अगं, मला मन रमवायचं नाहीये, मला दादाबद्दल बोलायचंय!

राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मेन रोडला पडद्याचं कापड आणायला गेले होते. एका गाडीवर हात आपसूक राख्यांकडे गेला. साधी, लाल गोंड्याची काढली, त्याला चकचकीत राख्या आवडायच्या नाहीत. पैसे दिले, पर्समध्ये टाकली आणि मग लक्षात आलं. अजून तिथेच आहे ती. किल्ल्यांना घासून गोंडा उसवलाय.

घरी जाववेना. तशीच गंगेवर, आपल्या गोदावरीच्या काठी गेले. आठवतं, शाळेत जाता-येता लाल फडक्यात अस्थी घेऊन रामकुंडावर आलेली माणसं दिसायची? कुठून कुठून यायची. दादा आपल्याला दटावायचा, "टक लावून बघायचं नाही, खाली बघून चला." त्याच पाण्यात आम्ही त्याला सोडून आलो, मनू.

पायरीवर बसले होते. शेजारी एक बाई, बुलढाण्याकडची, आईच्या अस्थी घेऊन आलेली. तिचे भाऊ गुरुजींशी बोलत होते. तिने मला विचारलं, "तुमचं कोण?"

"भाऊ."

"कसा होता?"

चार महिन्यांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मग मी बोलतच सुटले. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलंय ते दाखवायला तो आपल्या दोघींना सायकलवर घेऊन गेला होता, आणि घरी आल्यावर मार एकट्याने खाल्ला, ते सांगितलं. जिना चढताना शिट्टी वाजवायचा ते सांगितलं. तिने मधे एक शब्द समजुतीचा काढला नाही. मग तिने तिच्या आईचं सांगितलं, मुलगी सासरी निघाली की तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवणारी आई. अर्धा तास गेला असेल. भावांनी हाक मारली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून ती उठली. नाव तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

त्याच्या आधी एकदा रात्री दोन वाजता 14416 लावला होता. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 2022 पासूनची. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. तिकडच्या मुलीने मला पोटभर रडू दिलं. तुझ्या नणंदेला हा नंबर देऊन ठेव, तीही एकटीच कुढत असते ना.

पण त्या दोघींनी दादाला पाहिलं नव्हतं. तू पाहिलंयस. दिवाळीला येशील तेव्हा मला धीर देऊ नकोस, मी जेवते की नाही ते विचारू नकोस. मला माहीत नाही असं त्याचं काहीतरी सांग. दहावीला तू गणितात गेलीस, घरीच यायला तयार नव्हतीस, तेव्हा दादा तुला शोधायला निघाला होता. दोघं अंधार पडल्यावर आलात आणि तुझ्या हातात भेळेचा पुडा होता. इतका वेळ काय बोलत होता गं तो तुझ्याशी?

तुझीच