वाणाला चकचकीत कागद कशाला, घरात खण आहे की!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत आठवड्यावर आली म्हणून हे पत्र घाईने लिहितेय, जमलं तर सणाच्या आधी छापा. परवा मारुती रोडला लेस आणायला गेले होते (मी घरी शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको वगैरे) तर दुकानाबाहेर सोनेरी चंदेरी गिफ्ट पेपरच्या गुंडाळ्या उभ्या होत्या आणि बायका वाण गुंडाळायला दहा-दहा, पंधरा-पंधरा शीट घेत होत्या. वाण म्हणजे तरी काय, एखादी वाटी, गाळणी, साबणाची डबी, ती आपण रथसप्तमीपर्यंत घरोघरी लुटतो आणि घेणारी बाई घरी गेल्यावर दोन मिनिटांत कागद टराटरा फाडून टाकते. मागच्या वर्षी एका घरी हळदीकुंकवाला गेले होते तिथं लहान मुलांनी सगळ्यांची वाणं तिथंच उघडली आणि त्या कागदाचा एवढा मोठा ढीग झाला की दोन पोती भरली, आणि ती पोती बघून मला खरंच वाईट वाटलं.

तो कागद म्हणजे कागद नसतोच बऱ्याचदा. एक तुकडा घ्या, मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. चुरगाळलेला तसाच राहिला तर तो कागद, आणि आपोआप परत उलगडायला लागला तर ते प्लास्टिक किंवा प्लास्टिकवर धातूचा थर दिलेलं. ते रद्दीवाला घेत नाही, त्याचा लगदा होत नाही, घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकलं तरी पुढं त्याचं काही बनत नाही. चमकी लावलेला असेल तर साधा कागदसुद्धा वाया जातो. 1 जुलै 2022 पासून देशात मिठाईच्या बॉक्सवर आणि लग्नपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ कागदावर बंदी आली, ती चांगलीच झाली, पण दुकानातून तसा उघडा बॉक्स घरी आणून आपण आपल्या हाताने त्याच्यावर तसलंच चकचकीत काहीतरी चढवतो आणि मग आहेर म्हणून नेतो, ह्याला काय अर्थ आहे सांगा.

माझ्या घरी हे कसं सुटलं ते सांगते. आम्ही सांगलीच्या गावभागातले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा दोन पिशव्या घेऊन आम्ही विश्रामबागला नणंदेकडे गेलो. त्याच आठवड्यात वन्संच्या मुलीचा वाढदिवस, नववा. दुकानं बंद, दुधाची मारामार, तिथं गिफ्ट कुठून आणणार. पण घाईत पिशवीत माझ्या मुलाची रंगपेटी आली होती, न उघडलेली, ती द्यायची ठरली. आता नुसती हातात कशी द्यायची वाढदिवसाला? वन्संच्या ट्रंकेत ओटीतला एक खण होता, हिरवा, लाल काठाचा. मी तो तिरका अंथरला, मधे पेटी ठेवली, चारी टोकं वर घेऊन गाठ मारली, परकराची कोरी नाडी होती ती वरून बांधली आणि गाठीत अंगणातलं कण्हेरीचं फूल खोचलं. पोरगी दिवसभर ते घेऊन फिरली, संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. त्या वर्षी राखीपौर्णिमा 15 ऑगस्टलाच आली होती, तेव्हा तिनं माझ्या मुलाची राखी त्याच खणात बांधून दिली, आणि तेव्हापासून तो खण आमच्या दोन घरांत ये-जा करतोय. दिवाळीला इकडून करंज्यांचा डबा जातो तर संक्रांतीला तिकडून तिळगूळ येतो. एकदा धुतला की परत नवा.

आणि हे आपल्याला काही नवीन नाही हो. ओटीतले ब्लाऊजपीस वर्षानुवर्षं एका घरातून दुसऱ्या घरात फिरतातच की. पोथी आपण बासनात बांधून ठेवतो, शेतावर भाकरी फडक्यात बांधून जायची, माहेरवाशिणीबरोबर गाठोडं यायचं. जपानमध्ये ह्यालाच फुरोशिकी म्हणतात, मूळ अर्थ आंघोळीच्या जागी अंथरायचं कापड, आणि 2006 मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके ह्यांनी जुन्या प्लास्टिक बाटल्यांच्या धाग्यापासून मुद्दाम असे रुमाल करून घेतले आणि लोकांना सांगितलं की पिशव्या सोडा, हे वापरा. तिकडचे मंत्री गाठोड्याचा प्रचार करतात आणि आपण आपलं गाठोडं माळ्यावर टाकलंय.

कापडाचं माप माझ्या हातातलं आहे म्हणून सांगते. चौकोनी कापड पाहिजे आणि त्याचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तिरका माप वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट पाहिजे, त्याहून कमी असलं तर गाठीला टोकं पुरत नाहीत. गाठ मारताना पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावर आणि दुसऱ्यांदा डावं उजव्यावर, म्हणजे गाठ चपटी बसते आणि सरकत नाही, दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ वाकडी होऊन सुटते. कडा पिको केल्या तर उत्तम, नाहीतर घरी धावदोरा घाला. कटपीस, अस्तराचे तुकडे, जुनी ओढणी, विरलेली साडी काहीही चालतं, आणि साडी विरली तरी काठ धड असतो, तो दोन बोटं रुंद कापला तर दुकानातली कुठलीही रिबन त्याच्यापुढं फिकी. माझ्याकडे आईच्या इरकलीचे काठ आहेत, ते मी फक्त जवळच्या माणसांच्या गिफ्टला लावते.

सगळ्यांकडे कापड निघत नाही, मान्य. मग कॅलेंडर घ्या. दुकानदार देतात त्या मोठ्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड गुळगुळीत, पुस्तक किंवा टिफिन मस्त बसतो. एकच सांगते, देवाचं चित्र असलेलं पान घेऊ नका, ते फाडताना घेणाऱ्याला बरं वाटत नाही आणि शेवटी पायाखाली येतं. चिकटपट्टी पण नको, ती लावली की कागद परत वापरता येत नाही. भाताची दोन शितं बोटानं चोळून लावा, लहानपणी आपण पतंग असेच चिकटवायचो, किंवा चमचाभर मैद्याची खळ करा, बास. शाळेच्या वह्यांना कव्हर घालून उरलेला खाकी कागद प्रत्येक घरात असतोच, त्याच्यावर मुलांना बटाट्याचे ठसे मारायला बसवा, एक अख्खी दुपार शांततेत जाते.

बेदाण्याचे बॉक्स तर आपल्याकडं पैशाला पासरी. तासगाव काय, मार्केट यार्ड काय, कुणी ना कुणी घरी आणतंच. त्या पुठ्ठ्याच्या वरच्या थराला ओला हात लावून पाच मिनिटं थांबायचं आणि हळूच सोलायचा, आतून नाळीदार कागद निघतो, रेघारेघांचा. त्याची पट्टी साध्या खाकी कागदावर गुंडाळली की इतकी सुंदर दिसते की एका पोरानं मला विचारलं, काकू लई भारी, हे ऑनलाईन मागवलं का?

आणि दोऱ्याचं तर आपल्या सांगलीकरांनी करायलाच पाहिजे. आपल्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, गोष्ट आपण पाहुण्यांना सांगतो, मग ती हळद गिफ्टवर का दिसू नये? साधी सुती दोरी किंवा सुतळी घ्यायची, पाण्यात दोन चमचे हळद टाकून उकळायचं, दोरी त्यात पंधरा मिनिटं ठेवायची आणि सावलीत वाळवायची. पिवळीधम्मक होते. मग त्यातली अर्धी दोरी चुन्याच्या निवळीत बुडवा, डोळ्यांदेखत लाल होते, कारण चुन्यानं हळदीचा रंग बदलतो, पूर्वी कुंकू असंच हळदीला चुना लावून करायचे. पिवळी आणि लाल दोरी एकत्र पीळ देऊन बांधली की हळदीकुंकवाच्या वाणाला दुसरं काही लागतच नाही. उन्हात ठेवू नका, रंग उडतो, आणि आत पांढरा शर्ट वगैरे असेल तर ही दोरी वापरू नका, डाग पडला की सहज निघत नाही.

आता लोक काय म्हणतील. हे मी स्वतः ऐकलंय. एका लग्नात मी स्टीलचा डबा पेपरात गुंडाळून नेला होता तर मागून आवाज आला, रद्दीत आणलंय. घरी येऊन रडले. पण नंतर विचार केला की माझं चुकलं ते कागदात नव्हतं, मी घाईत कसंतरी चुरगाळून बांधलं होतं. घडी सरळ नसेल, टोकं लोंबत असतील, सुरकुत्या असतील तर सोन्याचा कागदसुद्धा दळभद्री दिसतो. तेव्हापासून मी कापडाला आणि कागदाला दोन्हीला इस्त्री करते (कागदाला उलट्या बाजूनं, कोमट), आणि त्यानंतर आजपर्यंत मला कुणी काही बोललं नाही, उलट शेजारणी कापड घेऊन येतात आणि बांधून द्या म्हणतात.

अमेरिकेत तरी गिफ्ट पेपरचा धंदा कसा वाढला बघा. 1917 मध्ये कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानात नाताळाच्या गर्दीत गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला, मग त्यांनी पाकिटांच्या आत लावायचा नक्षीचा फ्रेंच कागद होता तोच दहा सेंटला एक विकायला ठेवला आणि तो हातोहात गेला. पुढं त्यांचीच शुभेच्छापत्रांची हॉलमार्क कंपनी झाली. म्हणजे सुरुवात हाताशी जे होतं ते वापरण्यातूनच झाली होती.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहिलंय. तुमचा पेपर आमच्या घरी रोज येतो आणि मी तो गुंडाळायला वापरतेच. खाण्याच्या वस्तूला नाही, लाडू-चिवडा छापील पेपरात बांधायचा नसतो, शाई पोटात जाते, अन्नसुरक्षेच्या नियमातही त्याला मनाई आहे. पण डबे, पुस्तकं, खेळणी ह्यांना पेपर चांगला. अडचण एवढीच की पान निवडताना फार जपावं लागतं, बारशाच्या भेटीवर निधनवार्ता किंवा अपघाताचा फोटो येऊन कसं चालेल. शब्दकोड्याचं पान मात्र सगळ्यांना आवडतं, माझ्या सासऱ्यांना मी त्यात मफलर बांधून दिला तर त्यांनी आधी कोडं सोडवलं आणि मग मफलर काढला.

तर तुम्ही रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एक अख्खं पान नुसत्या नक्षीचं छापाल का? रांगोळीचे ठिपके, खणाची नक्षी, हळदीची पानं, आपल्या शाळांतल्या मुलांकडून चित्रं मागवली तरी चालतील. संक्रांतीला काळ्या रंगाचं आणि त्यावर हलव्याचे पांढरे दाणे असं केलंत तर बायका ते पान जपून ठेवतील. मागच्या बाजूला बातम्या असू देत, त्या आतच जातात. जाहिरात लागणारच असेल तर मधोमध नको, खालच्या कोपऱ्यात द्या, तो भाग घडीत मुडपला जातो.

आपली रोजची वाचक,
गावभाग, सांगली