रक्तपेढीतील तंत्रज्ञ मॅडमना एका बाळाच्या बाबांचे पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

रक्ताची पिशवी रक्तपेढीतून बाहेर पडली, की पुढे रुग्णाचे काय झाले हे आपल्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, म्हणून मुद्दाम हे पत्र लिहीत आहे. ज्या नवजात बाळाच्या रक्तबदलासाठी आपण रात्रपाळीत रक्त तयार करून दिलेत, ते सुखरूप आहे. नवजात विभागातील डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे आभार आम्ही समक्ष मानले. आपली मात्र पुन्हा भेट झाली नाही.

माझी पत्नी आरएच निगेटिव्ह, म्हणजे तिच्या तांबड्या पेशींवर आरएचचा डी हा घटक नाही; बाळ मात्र पॉझिटिव्ह. पूर्वी तिचा एक गर्भपात झाला, त्या वेळी तिला अँटी-डीचे इंजेक्शन, म्हणजे आईच्या शरीरात या घटकाविरुद्ध प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) तयार होऊ न देणारे औषध, दिले गेले नव्हते. हे इंजेक्शन 1968 पासून वापरात आहे, हे कळल्यावर फार हळहळ वाटली. तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये या खेपेला वारेतून बाळाकडे गेली आणि त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या. जन्मानंतर काही तासांतच कावीळ दिसली, फोटोथेरपीच्या दिव्यांखाली ठेवूनही बिलिरुबिन, म्हणजे फुटलेल्या पेशींतून तयार होणारे पिवळे द्रव्य, चढतच राहिले, आणि ते मेंदूत शिरले तर कायमची इजा होईल म्हणून डॉक्टरांनी रक्तबदलाचा निर्णय घेतला.

मागणीचा कागद आणि बाळाचा नमुना घेऊन मी आपल्या खिडकीशी आलो, तेव्हा आपला पहिला प्रश्न होता, "आईचा नमुना कुठे आहे?" मी गोंधळलेला पाहून, हातातले काम सुरू ठेवूनच आपण समजावलेत, की बाळाच्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्ये आईची आहेत, त्यामुळे दात्याच्या पेशी आईच्या रक्ताशी ताडून पाहिल्याशिवाय पिशवी देता येणार नाही. ओ निगेटिव्ह पिशव्या समोर असूनही आपण त्यांतली ताजी, पाच दिवसांच्या आतली निवडलीत, कारण साठवणीत पेशींमधले पोटॅशियम बाहेर येत जाते आणि एवढ्याशा जिवाच्या हृदयाला ते झेपत नाही. मग त्या पेशी एबी गटाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) मिसळल्यात, कारण त्यात ए किंवा बी गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये नसतात. घाईच्या त्या वेळी एकही तपासणी गाळली गेली नाही, याचे मोल मला वरच्या मजल्यावर गेल्यावर कळले.

नवजात बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण 80 ते 85 मिलिलिटर रक्त असते आणि बदलायचे असते त्याच्या दुप्पट. नाभीच्या शिरेतून थोडे रक्त काढायचे, तेवढेच नवे सोडायचे; परिचारिका प्रत्येक वेळी "काढले", "दिले" असे मोठ्याने म्हणत आकडा लिहीत होती. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेल्या सायट्रेटमुळे बाळाच्या रक्तातले कॅल्शियम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांची नजर मॉनिटरवर खिळलेली होती. एवढे सगळे झाल्यावर बाळाच्या सुमारे 85 टक्के तांबड्या पेशी बदलल्या जातात, पण बिलिरुबिन जवळपास निम्मेच उतरते आणि ऊतींमधले परत रक्तात आल्याने थोडे वरही जाते. आमच्याकडेही तसेच झाले, मात्र त्यानंतर दिव्यांवर भागले.

पुढे वाचताना कळले, की सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मोठ्या रुग्णांनाही पक्षाघात झाल्यास किंवा छातीत गंभीर गुंतागुंत उद्भवल्यास यंत्राने तांबड्या पेशी बदलून देतात आणि या आजारातले सदोष, म्हणजे सिकल हिमोग्लोबिन 30 टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न करतात. त्यांना वारंवार रक्त लागते, म्हणून आरएचचे सी आणि ई तसेच केल हे प्रतिजनही, म्हणजे पेशींवरचे ओळखीचे घटकही, जुळवावे लागतात. म्हणजे तिथेही रुग्णाच्या खाटेपासून दूर, आपल्यासारखेच कोणीतरी टेबलाशी बसून ही जुळवाजुळव करत असणार. उपचाराचे श्रेय देताना या लोकांचे नाव निघत नाही, हे मला मनापासून खटकते.

बाळाची श्रवणचाचणी व्यवस्थित आली आहे. आईची प्रतिद्रव्ये काही आठवडे रक्तात टिकून राहतात, त्यामुळे हिमोग्लोबिन अधूनमधून तपासत होतो. आता तेही स्थिरावले आहे. पत्नीच्या प्रतिद्रव्यांची नोंद असलेले जे कार्ड आपण करून दिलेत, ते तिच्या कागदपत्रांत सर्वांत वर ठेवले आहे. ज्या दात्याचे रक्त आपण निवडलेत, त्याचे नाव आम्हाला कळणार नाही. तो पुन्हा रक्तदानाला आला, तर आमचे आभार त्याच्यापर्यंत पोहोचवावेत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
बाळाचे बाबा