काकू, यंदा मी मैत्रिणींजवळ बसले

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या ओट्यावर येऊन आभार मानले असते तर “अवं, त्याच्यात काय एवढं” म्हणत तुम्ही चहा ठेवायला आत गेल्या असत्या आणि माझं बोलणं तिथंच संपलं असतं. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. आपल्याकडे लग्न पार पडलं की मंडपवाल्याचं, आचाऱ्याचं, मानपान सांभाळणाऱ्यांचं नाव निघतं. दोनशे पानांचा अंदाज जिनं चुकू दिला नाही, त्या बाईचं नाव सहसा कोणी घेत नाही. तुमचं नाव इथं मीही लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडच्या या पट्ट्यात बचत गटाच्या ऑर्डरी ज्यांनी तुमच्याकडून घेतल्या आहेत, ते बरोबर ओळखतील.

नाताळच्या सुट्टीत माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी गावी येतात. कोणी पुण्याहून, कोणी नागपूरहून, कोणी अमरावतीहून, नवरे-पोरांसकट. वर्षातून तेवढाच एक दिवस आम्ही एकमेकींना मिळतो. दरवर्षी तो दिवस कसा जायचा ते तुम्ही शेजारून पाहिलंच आहे. बाहेर हसण्या-बोलण्याचा आवाज आणि मी आत तव्यापाशी. एकेक मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, दोन वाक्यं बोलायची, तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची. यंदा त्यांच्यातली एक फार कठीण वर्ष काढून येणार होती. मला तिच्याजवळ बसायचं होतं. पोळ्या लाटता लाटता ऐकण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

पदार्थांची लांबलचक यादी घेऊन मी तुमच्याकडे आले. ती तुम्ही वाचलीसुद्धा नाही. चष्मा काढून विचारलं, “पह्यले हे सांग, तू बसशीन कुठं?”

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, अंगणात, तुळशीजवळच्या बाजेवर. “मंग बाजेवरून उठा लागन असं एकच काम ठेव. बाकी सारं आधीच,” तुम्ही म्हणालात, आणि सगळा बेत त्या बाजेपासून मागे मोजत बसवला. काकू, पाहुणचाराच्या शेकडो गोष्टी मी ऐकल्या आहेत. पाहुणचार करणारीला बसायला जागा कुठे, इथून सुरुवात करणारी बाई मला पहिल्यांदा भेटली.

जेवण ठेवायचंच नाही, हे तुम्हीच ठरवलंत. पान मांडलं की वाढणारी उभी राहते, मग दुसरी पंगत, मग खरकटं. त्यापेक्षा हातात धरून दोन घासांत खाता येईल असं खाणं, आणि वेळ दुपारी 4 ते 7. शेवटची एसटी पकडणाऱ्यांनाही सोयीची, आणि थंडी अंगावर येण्याआधी पोरं घरात. निरोप पाठवतानाच सांगायचं की पंगत नाही, खाणं आहे, पण पोट भरेल. म्हणजे कोणी उपाशी येऊन पोळीची वाट पाहत बसणार नाही. रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा, हट्ट आमच्या ह्यांनी धरला होता. तो तुम्ही एका वाक्यात मोडलात: रोडगे म्हटले की एक माणूस गोवऱ्यांपाशी अडकला, तो काही मित्रांत बसत नाही.

तुमचा हिशेब मी वहीत उतरवून ठेवलाय. नंतर जेवण नसेल तर मोठ्या माणसामागे 10 ते 12 नग, मुलांना निम्मे. आम्ही मोठे 16 आणि मुलं 6, म्हणजे सगळे मिळून सव्वादोनशेच्या आसपास. चार प्रकार मोजून करायचे, प्रत्येकी 60 च्या आत. शेंगा, संत्री, चिवडा यांना मोजदाद नाही. मी मनाशी सात-आठ प्रकार धरले होते. “प्रकार वाढले का खाणाऱ्याची जीभ नाही वाढत, करणारीचा जीव जाते,” असं म्हणून तुम्ही चारावर बोट ठेवलंत: सांबारवडी (सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर), पाटोडी, भरड्याचे वडे आणि झुणक्याच्या सुरळ्या.

सांबारवडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती तुम्ही माझ्या हाताला शिकवलीत. हिवाळ्यात बाजारात सांबाराच्या जुड्या ढिगाने येतात, तेव्हा ही वडी प्रत्येक घरात होते, पण चांगली लांबलचक आणि बशीत कढी घेऊन खायची. तुम्ही ती बोटाएवढी केलीत. सांबार आदल्या दिवशी दुपारीच धुऊन जुन्या लुगड्यावर पसरायला लावलात आणि संध्याकाळी मुठीत घेऊन दाबून दाखवलात: मुठीला ओल लागली तर अजून पसरून ठेवायचा, कारण पाण्याचा अंश आत राहिला की वडी तळल्यावर अर्ध्या तासात मऊ पडते. मग खसखस, तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, चारोळी, आलं-लसूण-मिरची, थोडी साखर, वरून लिंबू. हे सारण रात्रीच तयार. बेसन आणि कणकेचं कडकडीत मोहन घातलेलं आवरण सकाळी घट्ट मळायचं. पारीला आतून चिंचेचं पाणी लावायचं, सारण दाबून भरायचं, कडा पाकिटासारख्या दुमडायच्या. दुपारी मंद आचेवर एकदा तळून घ्यायच्या, फक्त फिक्या रंगावर. पाहुणे आले की गरम तेलात मिनिट-दीड मिनिट पुन्हा सोडायच्या. बाजेवरून उठायचं एकमेव काम ते हेच, आणि तेही तुम्ही माझ्याकडे ठेवलं नाहीत. आमच्या ह्यांना चुलीपाशी बोलावून तेलात कणकेचा छोटा तुकडा टाकायला लावलात. बुडबुडे घेत लगेच वर आला की तेल तयार. त्यांनी त्या संध्याकाळी एकही वडी करपू दिली नाही, आणि मित्रांमध्ये झारा हातात धरून मिरवलेही.

तळलेलं झाकायचं नाही, ही तुमची सक्त ताकीद. डब्यात भरून झाकण लावलं की वाफ आतच राहते आणि कुरकुरीतपणा तिथंच मरतो. तुम्ही तुमच्या बांबूच्या टोपल्या दिल्या. खालून-वरून हवा खेळती, तेलही निथळतं. भरडा तर तुम्ही घरचाच दिलात, जाड दळलेल्या डाळींचा. तो तासभर भिजवून वडे पाहुणे यायच्या आधीच तळले. ते कोमटच चांगले लागतात, दाताखाली डाळ येते. पाटोडी सकाळीच थापून झाली. एका वाटी बेसनाला दोन वाट्या पाणी, कडा सुटेपर्यंत घोटायचं, ताटात पसरून वरून खोबरं-सांबार, शंकरपाळ्याच्या आकारात कापून प्रत्येकीत एक काडी. नागपूरच्या रश्श्यातली पाटोडी सगळ्यांना माहीत आहे. कोरडी पाटोडी हातात घेऊन फिरता येते, हे माझ्या मैत्रिणींना नवं होतं.

सासूबाईंचं मन तुम्ही कसं वळवलंत, त्यासाठी वेगळे आभार. घरी आलेला माणूस भाकर न खाता जातो, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या पिढीनं पाहुण्याला असंच सांभाळलं आहे. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. “बाई, तुमच्या हातची ज्वारीची भाकर पाहिजेच, पण लहान आन् पातळ,” एवढंच म्हणालात. मग त्यांनी तळहाताएवढ्या भाकरी थापल्या, त्यावर घट्ट झुणका पसरला, ठेच्याचं बोट ओढलं आणि सुरळ्या करून अर्ध्या-अर्ध्या कापल्या. सगळ्यात आधी संपलं ते हेच. सासूबाई दिवसभर आनंदात होत्या. भाकर प्रत्येकाच्या पोटात गेली होती.

ओल्या नारळाची आणि दह्याची चटणी तुम्ही ठेवू दिली नाहीत. खाणं तीन तास मांडलेलं राहणार, आणि तसल्या चटण्या दोन तासांच्या वर बाहेर ठेवायच्या नाहीत, हा तुमचा नियम. अन्नसुरक्षेतही 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतू झपाट्याने वाढण्याचा टप्पा मानतात. तुम्ही तो नियम आकड्याचं नाव न घेता वर्षानुवर्षं लग्नाच्या स्वयंपाकात पाळत आला आहात. त्याऐवजी जवसाची कोरडी चटणी आणि चिंच-गुळाची घट्ट चटणी, बोटावरून ओघळणार नाही अशी. मिक्सरचं सगळं काम सकाळीच उरकायला लावलंत, कारण लाईन कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही.

मांडणीतली एक गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. खाणं एका जागी ठेवायचं नाही. एक टोपली बाजेवर, एक ओट्यावर, एक आंब्याखाली, आणि पाण्याचा माठ या सगळ्यांपासून लांब. त्यामुळे घोळका झाला नाही आणि माणसं फिरत राहिली. एकमेकांना न ओळखणारे नवरेसुद्धा माठापाशी बोलायला लागले. पळसाचे द्रोण तुम्हीच आणून दिलेत. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच, पण द्रोणात वडी घेतल्यावर जो वास येतो तो ताटलीत कुठून यायचा? बचत गटाची चहाची टाकी आली म्हणून दर दहा मिनिटांनी उठणारं “चहा ठेव गं” बंद झालं. एकदाच भरली, ज्याला हवा त्यानं तोटी सोडून घेतला. आणि “आम्ही काय आणू?” असं विचारणाऱ्यांना “काही नको” म्हणायचं नाही, हेही तुमचंच. पुण्याहून गाडीने येणारीनं शेगावची कचोरी आणली. ती गार झाली तरी चव उतरत नाही.

पोरांना तुम्ही संत्र्यांवर बसवलंत. बागेत आंबिया बहाराची शेवटची फळं होती. आपल्या संत्र्याची साल सैल, लहान मूलही हाताने सोलू शकतं. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे माझ्या मुलानं सगळ्यांना सांगितलं आणि फोडींना काळं मीठ लावून वाटण्याचं काम स्वतःकडे घेतलं.

आणि शेंगा. कपाशीतल्या तुरीच्या ओळींमधून तोडून आणलेल्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून तुम्ही पितळी परातीत ओतल्या आणि ती परात बरोबर माझ्या बाजेवर ठेवलीत. मला वाटलं, जागा होती म्हणून. नंतर कळलं. शेंगा सोलताना हात गुंतलेले असतात, नजर खाली असते, आणि माणूस मोकळं बोलतो. माझी ती मैत्रीण माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होती. एक शेंग दाबायची, दाणे ओंजळीत घ्यायचे, तोंडात टाकायला विसरायची. तिच्या पुढ्यात दाण्यांचा ढीग जमला. वर्षभर फोनवर जे बोलली नव्हती ते ती बोलली, आणि मी एकदाही उठले नाही. कोणी मला आतून हाक मारली नाही. काकू, यासाठी मी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते मला खरंच सुचत नाही.

साडेसातला अंगण रिकामं झालं. द्रोण खताच्या खड्ड्यात, शेंगांची टरफलं बैलांपुढे, घासायला चार टोपल्या, परात आणि कढई. रात्री आठला मी सासूबाईंजवळ बसून उरलेल्या पाटोड्या खात होते.

हे सगळं मी लिहून ठेवलंय आणि मैत्रिणींनी त्याच्या नकला मागितल्या आहेत. मी देणार आहे, वर “काकूंचा बेत” असं लिहून. तुम्ही नको म्हणालात तरी लिहीन.

टोपल्या उन्हात वाळल्या आहेत, शनिवारी घेऊन येते. चहाची टाकी गटाच्या खोलीत पोचवली. तुमच्या नातीचं बारसं संक्रांतीनंतर आहे ना? त्या दिवशी भरडा मी दळून आणणार, वडे मी तळणार आणि पाहुण्यांत तुम्ही बसायचं. कुठे बसणार ते आधी कळवा, म्हणजे मी त्याप्रमाणे मांडणी करते.

तुमची,
शेजारची सून