चकरी पितळेच्या भावात देऊ नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे धरण्याच्या छंदावरचा लेख वाचला. लेख बरा होता, फोटो त्याहून बरे. पण मध्येच एक वाक्य येऊन गेलं, की जुन्या गोल बेटकास्टिंग रिळा (गळाच्या काठीला लावून दोरी गुंडाळायची दातेरी यंत्रं) आता कपाटात मांडून ठेवण्यापुरत्याच उरल्या आहेत. त्याच सकाळी मी तसल्याच एका रिळेवर अडीच किलोची मरळ काढून आणली होती आणि पेपर वाचत बसलो तेव्हा घरात ती चिरणं चाललं होतं. म्हणून हे पत्र.

मी घड्याळजी. अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझं सहा बाय आठचं दुकान आहे. एकेकाळी लग्नसराईत एचएमटी जनताची रांग लागायची. आता दिवसातून दोन-चार सेल बदलायचे आणि पट्टे विकायचे, एवढंच काम. उरलेला वेळ तलावाच्या पाळीवर जातो. आमच्या पाळीवर रिळेला सगळे चकरी म्हणतात, तेव्हा मीही पुढे तोच शब्द लिहितो.

पहिली चकरी माझ्याकडे आली ती दुरुस्तीसाठी. १९८४ सालची गोष्ट. इटियाडोहच्या कालव्याच्या कामावर एक इंजिनिअर साहेब होते. मनगटी घड्याळ न्यायला आले, आणि जाताना पिशवीतून एक लाल, पितळ-पोलादाची वस्तू काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "हे घड्याळ नाही, पण आत दातेरी चाकं आहेत. जमतं का बघ." तोपर्यंत मी बांबूच्या काठीला तंगूस बांधून गरी टाकणारा माणूस. चकरी कशाशी खातात हे माहीत नव्हतं. तीन मोठे खाचेरी स्क्रू बोटांनीच सैल झाले, बाजूची पाटी निघाली आणि स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, अलगद हातात आला. मी भिंग लावून आत पाहिलं आणि बराच वेळ तसाच बसलो. पितळेचं मोठं चाक, त्याला लागलेलं पिनियन म्हणजे छोटं पितळी चाक, दाते एकसारखे, कुठे कानशीचा ओरखडा नाही. असं काम मी फक्त चांगल्या स्विस घड्याळात पाहिलं होतं.

ती अबू कंपनीची अँबॅसडर चकरी होती. पायाच्या खालच्या बाजूला आकडा ठोकलेला असतो. सत्तरच्या दशकापासूनच्या चकऱ्यांवर पहिले दोन अंक सालाचे आणि पुढचे दोन महिन्याचे. माझ्या चकरीवर ७६ आहे. पुढे कळलं की स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावातली ही कंपनी १९२१ साली निघाली तीच मुळी घड्याळांसाठी. मूळ स्वीडिश नावातच घड्याळांचा कारखाना आहे. टॅक्सीचे मीटर करायचे, मग चकऱ्यांकडे वळले, आणि १९५२ साली ही लाल अँबॅसडर बाजारात आली. त्याच्याही मागे गेलं तर अमेरिकेत केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाकांची पहिली चकरी करणारा जॉर्ज स्नायडर, तोही घड्याळजीच. त्याच्यानंतर त्याच भागात नाव काढलेले मीक बंधू, तेही घड्याळं आणि दागिने करणारे. म्हणजे चकरी आमच्याच बिरादरीतली. त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हतं, पण हाताला कळलं होतं असं मला वाटतं.

साहेबांची तक्रार एकच होती, फेकली की गुंता होतो. मी उघडून, धुऊन, तेल घालून दिली. आठ दिवसांनी परत आले, हातात तंगुसाचं सुगरणीचं खोपटं. "आधी बरी होती, तू हात लावल्यापासून जास्त बिघडली." खरं होतं ते. चूक माझीच होती.

ही चूक नीट सांगतो, कारण ती आजही पुष्कळ जण करतात. साध्या स्पिनिंग चकरीत स्पूल स्थिर असतो, दोरी त्यावरून सुटत जाते. बेटकास्टिंगमध्ये स्पूल स्वतः फिरतो. काठी झटकली की आमिष वेगाने निघतं आणि स्पूलला गरगर फिरवतं. पुढे हवेत आमिषाचा वेग कमी होतो, स्पूल मात्र आपल्याच तोऱ्यात फिरत राहतो. दोरीला जायला जागा नाही, मग ती जागच्या जागी फुगते आणि गुंता. हे आवरायला आत दोन बारीक तुकडे बसवलेले असतात, मुगाच्या दाण्याएवढे. स्पूल जोरात फिरला की ते तारेवरून बाहेर सरकतात आणि एका कड्याला घासतात. तेवढ्या घासण्यानेच स्पूल आवरतो. आणि मी काय केलं होतं? घड्याळजीच्या सवयीने त्या कड्याला तेलाचा थेंब लावला होता. ब्रेकला तेल! सायकलच्या रिमला कुणी तेल लावतो का? कडं स्पिरिटने पुसून कोरडं केलं, दुकानामागच्या धानाच्या बांधीत दोन तास आमिषाऐवजी नट बांधून फेकत बसलो, आणि चकरी सुतासारखी सरळ झाली.

तोवर साहेबांची बदली झाली होती. जाताना ते म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच, मला हिची भीती वाटते." पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्या मुलाला एक जनता दिली, तेवढाच हिशेब.

आता ती मरळ. आमच्या गावाजवळची बोडी, म्हणजे लहान तलाव, मत्स्य सोसायटीच्या ठेक्यात आहे. अध्यक्षांना विचारून जातो, मासा नेला तर वजनाचे पैसे देतो. पावसाळ्यात मरळीसोबत लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिकडे आमिष टाकत नाही, मग ती कितीही मोठी असो. बोडीत अर्ध्या भागात कमळ, काठाला बेशरम माजलेला. मरळ राहते नेमकी त्या कमळाच्या पानांखाली आणि श्वास घ्यायला वर येते तेव्हा पाणी असं 'गुप्' करून फुटतं. तिथे रबरी बेडूक टाकायचा आणि पानावरून हळूहळू ओढायचा. झडप पडली की तिला एक क्षणही खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ती देठांना दोन वेढे घालते आणि तुम्ही दिवसभर कमळच ओढत बसता. इथे जुनी चकरी कामाला येते. अगदी पहिल्या अँबॅसडरमध्ये हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे साधारण ३.६ फेरे होत. आजच्या चकऱ्यांत सहा, सात, कधी आठ. नवी पोरं म्हणतात जुनी हळू आहे. हळू आहेच, पण फेरे कमी तेवढी ओढ जास्त. बैलगाडी चिखलातून निघते ती पण हळूच निघते. त्या दिवशी मरळीसोबत दोन कमळाची पानं आणि हातभर देठ आला, पण आली.

दुसरी तक्रार अशी की जुन्या चकरीचं हँडल जरा मागे हलतं. नवीन चकरीत ते मुळीच हलत नाही, म्हणून लोकांना वाटतं जुनी झिजली. झिजलेली नसते. आत दातेरी चाकावर एक खटका पडतो, तो पुढच्या दात्यापर्यंत पोचेस्तोवर हँडल थोडं मागे येणारच. घड्याळाला किल्ली देताना टक-टक आवाज येतो ना, तोच हा खटका. त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही, आणि बिघडला तरी डोळ्यांना दिसतो.

खरं सांगायचं तर लाल अबूची बाजू घ्यायला माझी गरज नाही, तिचे भक्त जगभर आहेत. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या दोघींबद्दल. एक डायवाची जुनी जपानी मिलियनेअर. अबूसारखीच गोल, म्हणून लोक तिला नक्कल म्हणून बाजूला टाकतात. नक्कल म्हणा हवं तर. नागपूरला जुन्या सामानाच्या एका ठेल्यावर मला ती पंख्याच्या रेग्युलेटरांच्या ढिगात सापडली. धुऊन पुसून पाहिलं, स्पूलला टिचकी मारली आणि चहा संपेपर्यंत तो फिरत होता. दुसरी शिमानोची बँटम. ही १९७८ साली निघाली, लहान, मुठीत मावणारी, गोल चकऱ्यांच्या मानाने हलकी. माझ्या आताच्या मनगटाला तीच सोसते. पेन, फ्लुगर, शेक्सपिअर या अमेरिकन चकऱ्या मी हाताळल्यात, पण दुसऱ्यांच्या. त्यांच्यावर मत द्यायचा मला अधिकार नाही.

माझ्या नातवाने गेल्या वर्षी ऑनलाइन नवी चकरी मागवली. कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला गाडीच्या डॅशबोर्डसारखी, आठ महिने झकास चालली. मग एका शिंगाड्याने (मासा म्हणतोय मी, तलावातलं फळ नाही) जोर लावला आणि आतून कर्रर्र. उघडली तर मोठ्या चाकाचे चार दाते साफ. सुट्टं चाक मिळेल का विचारलं, तर उत्तर आलं की सुटे भाग देत नाही, नवी घ्या. पोट्टा माझ्याकडे बघून म्हणतो, "आबाजी, मले तुमची लालवाली द्या ना." मी बँटम दिली. लाल देत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. दिवाळीच्या साफसफाईनंतर आमच्याकडे कबाडीवाल्याची हातगाडी भरून वाहत असते. मी दरवर्षी तिथे उभा राहतो, घड्याळाचे डबे मिळतात म्हणून. यंदा तराजूत पितळेच्या तांब्याशेजारी एक गोल चकरी पाहिली. कुण्या निवृत्त माणसाची असेल, घरच्यांनी काढून टाकलेली. मी म्हटलं, ही मला दे. तो म्हणाला, "काकाजी, पितळ हाय, वजनात जाईल." आणि खरोखरच हँडल पिरगळून बाजूला फेकलेलं होतं. स्पूल चेपलेला, वर अजून जुना तंगूस गुंडाळलेला. वजनाचे पैसे देऊन मी ती घेतली, पण वाकलेला स्पूल सरळ होत नाही. घड्याळाचा बॅलन्स (आतलं डोलणारं चाक) एकदा वाकला की वाकला, तसंच.

आमच्या पूर्व विदर्भात या वस्तू कुठून कुठून आल्या असतील. धरणांची कामं, मँगनीजच्या खाणी, ऑर्डनन्स फॅक्टरी, वनखातं. कुणी कुणी साहेब कुठून तरी आणायचे आणि जाताना कुणाला तरी देऊन जायचे. तेव्हा कुणाच्या माळ्यावर असं काही असेल तर तराजूत टाकण्याआधी एवढं करा. पायाखालचा आकडा वाचा. हँडल फिरवून पाहा. जड फिरत असेल तर बहुतेक वेळा जुनं ग्रीस घट्ट होऊन डिंक झालेलं असतं, मोडलेलं काही नसतं. रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, चाकांना ग्रीस, बेअरिंगला एक थेंब पातळ तेल, आणि ब्रेकच्या कड्याला काहीही नाही. उघडताना खाली पांढरा कपडा पसरा. स्प्रिंग उडते, आणि उडालेली स्प्रिंग मातीच्या घरात सापडत नाही, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. दोरी एका बाजूला ढीग होत असेल तर समोरच्या आडव्या दांड्याखालची छोटी टोपी काढा. आत नखाएवढा एक पॉल निघेल. दांड्यावर एकमेकांना छेदणाऱ्या आट्या कोरलेल्या असतात, त्यातून हा पॉल दोरीला इकडून तिकडे नेतो-आणतो. सगळ्यात आधी झिजतो तो हाच, बाकी चकरी ठणठणीत असते. लोक त्यापायी अख्खी वस्तू फेकतात.

त्यावरून माझं एक काम. माझ्या मिलियनेअरचा पॉल गेला आहे. पितळेचा तुकडा घासून मी एक करून बसवला, वर्षभरात झिजला. दुसरा केला, तो अडकत अडकत चालतो. कुणा वाचकाकडे मोडकी मिलियनेअर पडली असेल तर मला फक्त तेवढा पॉल हवा आहे, बाकी चकरी तुमच्याजवळच ठेवा. बदल्यात घरातली चार चावीची घड्याळं, कोणत्याही कंपनीची, सर्व्हिस करून देईन. भिंतीवरचं लंबकाचं असलं तर ते दोन धरले जाईल.

आपला,
एक घड्याळजी
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, तो छापू नये. दुकानावर आधीच फार लोक नुसते बसायला येतात.)