इशारा बंद केल्याने पॅकेज दुरुस्त होत नाही

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला प्रकल्प म्हणून हजेरीचे किंवा ग्रंथालयाचे तेच ते सॉफ्टवेअर पुन्हा लिहून घेण्यापेक्षा महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांतली (लिनक्स आणि त्यावरच्या सॉफ्टवेअरच्या संचांतली) मोडलेली पॅकेजेस, म्हणजे बसवण्यासाठी तयार करून दिलेली सॉफ्टवेअरे, दुरुस्त करायला द्यावीत, अशी सूचना आपल्या वृत्तपत्रातून करावीशी वाटते. हे काम खरे आहे, सर्वांसाठी खुले आहे आणि माणसांअभावी अडलेले आहे. मात्र ते चुकीच्या पद्धतीने केले तर न केलेले बरे, म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहे.

पॅकेजचा कोड वर्षानुवर्षे तसाच असतो. बदलतो तो त्याच्याखालचा कम्पायलर (कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) आणि लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड). मे २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४ या सी भाषेच्या कम्पायलरचे उदाहरण घ्या. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरले तर जीसीसी पूर्वी फार तर इशारा देई. आता चूक दाखवून थांबतो. १९९९च्या सी मानकानेच ही सवलत काढली होती, त्यामुळे दोष कम्पायलरचा नाही. अशा वेळी ‘एफपरमिसिव्ह’ हा पर्याय देऊन ती चूक पुन्हा नुसत्या इशाऱ्यावर आणण्याचा मोह होतो. बिल्ड, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवण्याची प्रक्रिया, पूर्ण होते, पॅकेजही तयार होते. पण जाहीर न केलेले फंक्शन ‘इंट’ म्हणजे ३२ बिटांची संख्या परत करते, असे कम्पायलर धरून चालतो. ते प्रत्यक्षात पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता परत करत असेल, तर ६४ बिटांच्या यंत्रावर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळतात. पत्ता लहान असला की प्रोग्राम चालतो, मोठा असला की कोसळतो. ‘माझ्याकडे तर चालतेय’ या वाक्यामागे अनेकदा एवढेच असते.

फंक्शन जिच्यात जाहीर केलेले असते ती हेडर फाइल नुसती जोडूनही नेहमी भागत नाही. ‘स्ट्रकेसस्ट्र’ हे फंक्शन ‘स्ट्रिंग.एच’मध्ये आहे खरे, पण त्याआधी ‘_ग्नू_सोर्स’ हे मॅक्रो (कोडात ठरवून द्यायचे नाव) ठरवलेले नसेल तर ते दिसतच नाही. आणि ते ठरवायचे असते फाइलमधल्या हेडर जोडणाऱ्या पहिल्या ‘इन्क्लूड’ ओळीच्याही आधी. ही ओळ दोन ओळी खाली गेली की तीच चूक पुन्हा येते आणि नवखा माणूस दिवसभर चक्रावून जातो.

याहून घातक प्रकार बिल्डच्या सुरुवातीला चालणाऱ्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टचा. एखादी सोय यंत्रावर आहे का, हे ती छोटे चाचणी-प्रोग्राम कम्पाइल करून ठरवते. जुन्या स्क्रिप्टमध्ये हे चाचणी-प्रोग्रामच सदोष असतात: ‘मेन’च्या आधी ‘इंट’ नाही, ‘एक्झिट’साठी हेडर नाही. नवा कम्पायलर ते नाकारतो, स्क्रिप्ट ‘ही सोय नाही’ अशी नोंद करते आणि पुढे जाते. बिल्ड हिरवे, पॅकेज मात्र अर्धे. म्हणून जुन्या आणि नव्या कम्पायलरने बिल्ड करून या नोंदींच्या दोन्ही ‘कॉन्फिग.एच’ फाइली फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ने ताडून पाहाव्यात. ही स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ हे साधन ‘कॉन्फिगर.एसी’ या फाइलीवरून बनवते. ‘ऑटोरीकॉन्फ’ने ती पुन्हा तयार केल्यावर ऑटोकॉन्फच्या स्वतःच्या चाचण्या सुधारतात, ‘कॉन्फिगर.एसी’मध्ये हाताने लिहिलेल्या चाचण्या मात्र हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

बिल्ड नेहमी स्वच्छ वातावरणात करावे: डेबियनसाठी ‘एसबिल्ड’, फेडोरासाठी ‘मॉक’. स्वतःच्या संगणकावर आधीच बसवलेल्या लायब्ररींमुळे पॅकेजच्या यादीत राहून गेलेले अवलंबित्व झाकले जाते. बिल्डच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) शेवटची ओळ न पाहता पहिली चूक शोधावी. अनेक फाइली एकाच वेळी कम्पाइल करणाऱ्या समांतर बिल्डमध्ये ती शेकडो ओळी वर असते.

२०२५मध्ये याच जातीच्या दोन अडचणी आणखी आल्या. जीसीसी १५ने सी२३ हे सी भाषेचे नवे मानक मूळचे धरले, त्यामुळे ‘बूल’ हा शब्द राखीव झाला आणि फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची किंमत) नाही’ असा झाला. इथे ‘ग्नू१७’ हे आधीचे मानक मागणे हा तात्पुरता पण प्रामाणिक मार्ग आहे, कारण कोड त्या मानकासाठीच लिहिलेला असतो. सीमेक या बिल्ड-साधनाच्या ४.० आवृत्तीने ३.५ पूर्वीच्या आवृत्तींशी सुसंगतता सोडली. तिथे किमान आवृत्ती ‘२.८.१२...३.१०’ अशी पल्ल्याच्या रूपात लिहिली की जुना सीमेकही चालतो आणि नवाही.

मराठी वाचकांच्या जवळची लायब्ररी म्हणजे जगभरच्या भाषा हाताळणारी आयसीयू. लिब्रेऑफिसमध्ये मराठी वर्णक्रमाने यादी लावण्यासारख्या कामांत तिचा हात असतो. तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत सोनेम (प्रोग्राम लायब्ररीला ज्या आवृत्तीसह नावाने ओळखतो ते) बदलते (डेबियन १२मध्ये ७२, डेबियन १३मध्ये ७६), म्हणून तिच्यावर अवलंबून असलेले प्रत्येक पॅकेज नव्याने बिल्ड करावे लागते. २०२०मध्ये आयसीयू ६८ने इंग्रजी कॅपिटल अक्षरांतले ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे मॅक्रो काढले, तेव्हा कितीतरी पॅकेजेस एवढ्याच कारणाने अडली. अशा लायब्ररीची नवी आवृत्ती डेबियनमध्ये आधी ‘एक्सपेरिमेंटल’ या प्रयोगाच्या विभागात चढवावी, ‘बिल्ड-आरडेप्स’ने अवलंबितांची यादी काढावी, ती सगळी बिल्ड करून पाहावीत आणि मगच ‘अनस्टेबल’ या रोजच्या कामाच्या विभागात आणावी. हा क्रम उलटा केला तर एका माणसाच्या घाईची किंमत इतर अनेक देखभालकर्ते मोजतात.

पॅच (दुरुस्तीची फाइल) तयार झाला की तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पाकडे पाठवणे हा कामाचाच भाग आहे. वितरणातच ठेवलेला पॅच पुढच्या आवृत्तीला अनेकदा लागत नाही आणि कुणीतरी तो पुन्हा बसवत राहते. तो कशासाठी आहे आणि मूळ प्रकल्पाला कधी पाठवला, हे पॅचच्या माथ्यावर लिहावे.

डेबियनमध्ये बिल्ड न होणाऱ्या पॅकेजांच्या तक्रारी ‘एफटीबीएफएस’ (‘फेल्स टू बिल्ड फ्रॉम सोर्स’) या खुणेने जाहीर असतात. वेळेत दुरुस्ती न झाल्यास पॅकेज ‘टेस्टिंग’ या पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या विभागातून काढले जाते. चार विद्यार्थ्यांच्या गटाला सत्रात अशा पाच-सहा तक्रारी नीट सोडवता येतील. परीक्षकांनाही पॅच, त्यावरची चर्चा आणि तो स्वीकारला गेला की नाही हे थेट तपासता येईल. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून असे प्रकल्प मान्य करावेत, ही विनंती.

— एक पॅकेज देखभालकर्ता, पुणे