सातव्या वर्षी दात दाखवा, पण अलायनरची घाई नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. मागच्या वर्षी तिचा वरचा पुढचा एक दात खालच्या दाताच्या मागे आला. मी म्हटलं येईल जागेवर, सासूबाई पण तेच म्हणाल्या. पण एकदा ब्रश करताना नीट बघितलं तर त्या खालच्या दाताची हिरडी खाली सरकलेली, शेजारच्या दातापेक्षा तो लांब दिसत होता, पोटात गोळाच आला. गंगापूर रोडला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं तर त्या म्हणाल्या याला थांबायचं नाही, प्रत्येक घासाला या दातावर मार बसतोय. अलायनर, म्हणजे दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे लावले, ५ महिन्यांत दात पुढे आला.

उलट माझ्या नणंदेच्या मुलाला, वय ९, पुढच्या दोन दातांत फट आहे एवढ्यावरून एका क्लिनिकमध्ये अलायनरचं भलंमोठं पॅकेज सांगितलं. दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं की या वयात अशी फट खूप मुलांना असते आणि ११-१२ व्या वर्षी वरचे सुळे उतरले की बहुतेक वेळा आपोआप मिटते.

म्हणून आईबाबांना कळकळीने सांगते, सातव्या वर्षी एकदा दाखवाच, अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स पण ७ वर्षांपर्यंत पहिली तपासणी करा असंच सांगते, पण चावण्यात किंवा जबड्याच्या वाढीत अडचण आहे की फक्त दिसण्याचा प्रश्न आहे हे स्पष्ट विचारा. आणि आत्ता केलं तरी सगळे दात आल्यावर परत तारा लागू शकतात, हे पण आधीच विचारून घ्या.

दुसरं म्हणजे अलायनर दिवसाचे २०-२२ तास घालावा लागतो, पाणी सोडून काहीही खाता-पिताना काढायचा, नाहीतर आपल्या वरणभाजीच्या हळदीने पिवळा होतो. गरम पाण्याने धुतला की वाकतो, आमचा एक तसाच गेला. दुसरा तिने शाळेत टिश्यूत गुंडाळून डब्याशेजारी ठेवला आणि मावशींनी कचरा समजून टाकला, पोरगी घरी येऊन रडली, तिची काय चूक. नाशिकच्या शाळांना विनंती आहे की मधल्या सुट्टीनंतर अशा मुलांना नळावर जाऊन चूळ भरायला, अलायनर धुऊन घालायला ५ मिनिटं द्या आणि त्याची डबी बाकावर ठेवू द्या.

आपली,
एक पालक, इंदिरानगर, नाशिक