पहिल्या भेटीचा कागद मराठीत हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनावरचा ताण असह्य झाला तर समुपदेशकाची मदत घ्यावी, असा सल्ला आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अधूनमधून वाचायला मिळतो. मात्र त्या दाराच्या आत गेल्यावर नेमके काय घडते, काय विचारले जाते आणि आपण काय विचारायचे असते, हे फारसे कोणी सांगत नाही. ते ठाऊक नसल्याने माझे चार महिने आणि बरेचसे पैसे वाया गेले, म्हणून हे पत्र.

सहकारी बँकेतील ३४ वर्षांच्या नोकरीनंतर मी निवृत्त झालो आणि सहा महिन्यांतच झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचे, घरातल्यांवर विनाकारण खेकसणे सुरू झाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, थायरॉइड सगळे तपासले आणि ‘एखाद्या काउन्सेलरशी बोलून पाहा’ असे सुचवले. ते ऐकून थोरले बंधू म्हणाले, “आता काय येरवड्याला नेताय की काय याला?” थट्टेतच म्हणाले, पण मी पुढे महिनाभर चालढकल केली ती त्या एका वाक्यामुळे.

पहिला अनुभव वाईट होता. ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या स्वागतकक्षात चार पानी इंग्रजी फॉर्म भरून घेतला, दहा भेटींचे पैसे आगाऊ घेतले आणि माझे बोलणे वीस मिनिटेही न ऐकता ‘सकारात्मक विचार करा, नातवंडांत रमा’ असे सांगितले. मला नातवंडे नाहीत. आणखी चार-पाच भेटींनंतर, त्यांचे प्रशिक्षण काही आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमापुरतेच असल्याचे मुलीने शोधून काढले. आगाऊ भरलेल्या पैशांतले काही परत मिळाले नाही.

आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला कोणाची फारशी आडकाठी नाही, हे मला तोवर माहीत नव्हते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. औषधे लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाला, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला असतो. मानसशास्त्रात एम. ए. करून, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली उमेदवारी करून उत्तम काम करणारे समुपदेशक पुष्कळ आहेत. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्यावसायिकांच्या व्याख्येत नुसत्या समुपदेशकाचा उल्लेख नाही. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आले खरे, पण त्याचा उपयोग सामान्य माणसाला दारात उभे असताना होत नाही. तेव्हा शिक्षण कुठे झाले, किती वर्षे काम करता, कोणाच्या मार्गदर्शनाखाली करता, हे सरळ विचारावे. कर्ज देताना आम्ही जामीनदाराची सात पिढ्यांची चौकशी करायचो, आणि इथे मात्र मला डिग्री विचारण्याचा संकोच वाटला.

दुसऱ्या ठिकाणी मुलगी जवळजवळ ओढूनच घेऊन गेली. फॉर्म तिथेही इंग्रजीच होता, पण समुपदेशक बाई माझ्याशेजारी बसल्या आणि एकेक ओळ मराठीत समजावून सांगितली. ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात पत्नीचे नाव लिहिता लिहिता माझा हात थांबला. “म्हणजे तुम्ही तिला फोन करणार का?” मी विचारले. त्यावर त्यांनी जे सांगितले ते पहिल्याच भेटीत प्रत्येकाला कळायला हवे. इथले बोलणे बाहेर जाणार नाही. मात्र माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, न्यायालयाने माहिती मागितली, किंवा लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर त्यांना गप्प राहता येणार नाही. शेवटच्या बाबतीत तर पोक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगितल्यामुळेच माझा विश्वास बसला. पत्नीचे नाव लिहिले.

पहिली भेट ५० मिनिटांची होती आणि तिचा बराचसा वेळ प्रश्नांत गेला: झोप, भूक, जुनी आजारपणे, घरातील कोणाला असा त्रास होता का, दारू किती, जीव द्यावासा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी दचकलो, पण त्यांनी तो रक्तदाब विचारावा तितक्या सहजपणे विचारला होता. त्या दिवशी उपाय म्हणून काही मिळाले नाही आणि मी काहीसा नाराज होऊनच घरी आलो. दोष आपल्या शब्दाचाही असावा. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे, त्यामुळे माणूस उपदेश ऐकायला जातो, आणि समोरची व्यक्ती मात्र ऐकत बसते, मध्येच एखादा प्रश्न विचारते, कधी कधी तर मिनिटभर काहीच बोलत नाही.

पुढे त्यांनी शंभर पानी वही करायला लावली. घटना, त्या वेळी मनात आलेला विचार आणि वाटलेली भावना, असे तीन रकाने. मंडईत माझ्या हाताखाली काम केलेला एक कारकून मला न बोलता पुढे गेला, ही घटना. ‘खुर्ची गेली, किंमत गेली’ हा विचार. राग आणि खोल कुठेतरी लाज, ही भावना. त्याने मला पाहिलेच नसेल, ही शक्यता रकाना भरेपर्यंत सुचली नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून पाहण्याची रीत, मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, हे बाईंकडूनच कळले. सगळेच समुपदेशक या पद्धतीने काम करत नाहीत. आपण कोणत्या पद्धतीने करता, हेही विचारायला हरकत नाही.

तिसऱ्या भेटीनंतर मला बरे वाटण्याऐवजी दोन दिवस अधिकच वाईट वाटले. असे होऊ शकते, हे आधी सांगितलेले होते म्हणून मी टिकलो. शुल्क भेटीला १,००० रुपये होते आणि २४ तास आधी न कळवता चुकवलेल्या भेटीचेही द्यावे लागे. त्यावरून एकदा वाद घातला, मग द्यावे लागले. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असल्याने अशा भेटींचा खर्च खिशातूनच होतो. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे, तिथे मराठीत आणि विनामूल्य बोलता येते. सोळा भेटींनंतर माझे जाणे महिन्यातून एकदा झाले आणि मग आम्ही दोघांनी ठरवून थांबवले.

माझी समुपदेशकांना विनंती एवढीच आहे की शिक्षण, पद्धत, शुल्क, गोपनीयतेच्या मर्यादा, भेट चुकल्यास काय आणि उपचार कसे व कधी थांबवायचे, हे सारे एका पानावर, मराठीत, पैसे घेण्यापूर्वी येणाऱ्याच्या हाती द्यावे. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच मन लागत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाकडून इंग्रजी संमतिपत्रावर सही घेण्याला संमती म्हणता येत नाही. नोकरीत असताना इंग्रजी परिपत्रके खातेदारांसाठी मराठीत आणण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते; कोणा समुपदेशकाला असा कागद करून हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी तो विनामूल्य करून देईन.

आपला एक जुना वाचक, सांगली
(नाव छापू नये ही विनंती. थोरले बंधू हेच वृत्तपत्र घेतात.)